जोडविषयासाठी दहावं नाव

इम्माकोलाता झाम्पिनीच्या फ्रिजवर तीन कागद चिकटवलेले होते. एक चर्चचं कॅलेंडर, एक डॉक्टरनं दिलेली काय खाऊ नये त्याची यादी, आणि तिसरा विद्यापीठाचा. डॉक्टरच्या यादीकडे ती ढुंकूनही बघत नसे. विद्यापीठाचा कागद मात्र तिला तोंडपाठ होता.

इटलीचा अभ्यास जोडविषय म्हणून घ्यायचा तर काय काय लागतं, ते त्यावर लिहिलेलं होतं. अभ्यासक्रम सहा, श्रेयांक अठरा. 'सी' श्रेणीच्या खाली एकाही ठिकाणी घसरायचं नाही. इंग्रजीतून शिकायचा अभ्यासक्रम एकच धरला जाईल. मुख्य विषयात मोजलेलं इथे पुन्हा मोजायचं नाही. आणि शेवटचं चर्चासत्र याच विभागात करायचं, इटालियन भाषेतून. दुसरीकडून करून आणलेलं चालणार नाही.

इम्मा इटलीतल्या रोक्काफ्रेद्दा गावात पाचवीपर्यंत शिकली होती. कागद वाचायला पाचवी पुरते. वाचूनही न समजायला मात्र बरंच शिकावं लागतं, असं तिचं मत होतं, आणि अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्समध्ये साठ वर्षं काढल्यावर ते जास्तच पक्कं झालं होतं. हा कागद तिला पसंत होता. अठरा म्हणजे अठरा, साडेसतरा नाही. इटालियन कोणाला म्हणावं याचं माप कोणीतरी पहिल्यांदाच नीट लिहून दिलं होतं. तिची जाऊ जिल्दा इथेच जन्मली, इथेच म्हातारी झाली, आणि तरी स्वतःला इटालियन म्हणवून घ्यायची. इम्मा पन्नास वर्षं तिला तेच तोंडी समजावत आली होती. लेखी पुरावा आत्ता मिळाला.

नात मारिसा हिचा मुख्य विषय जीवशास्त्र. तिचे आईबाप फ्लोरिडाला उन्हात राहायला गेले, आणि पोरगी शिकायला आजीकडे, तिच्या नोन्नाकडे, राहिली. चार वर्षांत तिनं सहापैकी पाच अभ्यासक्रम उरकले होते. इम्मानं प्रत्येकापुढे लाल पेन्सिलीनं खूण केली होती. सहावी ओळ तेवढी कोरी होती.

जानेवारीतल्या एका मंगळवारी मारिसा घरी आली ती कोट न काढता खुर्चीवर बसली.

"रद्द होतंय, नोन्ना."

"काय?"

"चर्चासत्र. वर्गाला दहा जण लागतात. पाचच आहेत. शुक्रवारी चार वाजेपर्यंत दहा झाले नाहीत तर बंद."

"मग पुढच्या वर्षी कर."

"दोन वर्षांतून एकदा असतं ते. मे महिन्यात मी पदवी घेऊन बाहेर पडणार. सहावं झालं नाही तर पाच असून नसल्यासारखे."

इम्मानं गॅस बारीक केला. "विषय काय आहे त्या चर्चासत्राचा?"

"इटली सोडून गेलेली दक्षिणेची माणसं. का गेली, कशी गेली."

"पोटाला नव्हतं म्हणून गेली. बोटीतून गेली. झालं. पंधरा आठवडे कशाला लागतात?"

"थट्टा करू नकोस, नोन्ना."

"थट्टा कुठे करतेय? विचारतेय."

पोरीचे डोळे भरलेले दिसले तशी इम्मा ताट वाढायला लागली. पण तिचा हिशोब सुरू झाला होता. त्यांच्या गल्लीत कोणाच्याही मयताला पन्नासाच्या खाली माणूस आलेलं तिला आठवत नव्हतं. मेलेला माणूस सगळ्यांना आवडत असे, अशातलाही भाग नाही. बोलावणं नीट गेलं की माणसं येतात. विद्यापीठाला पाच माणसं मिळत नाहीत याचा अर्थ एवढाच की बोलावायचं काम शिकलेल्या लोकांवर सोडलेलं आहे.

"कोट काढ," ती म्हणाली. "आणि जेव. पाच काही फार नाहीत."

बुधवारी सकाळी ती जिल्दाला आणि पत्त्यांच्या डावातल्या आणखी तिघींना घेऊन बसनं विद्यापीठात गेली. साठीच्या वरच्यांना तिथे फुकट बसू देतात, हे तिला ठाऊक होतं. पाचही जणी चर्चला घालायचे कोट घालून आल्या होत्या. नोंदणीच्या खिडकीत चष्मा लावलेला एक तरुण कारकून होता. त्याला आधी वाटलं बायका वाट चुकल्या आहेत.

"आम्हाला इटली सोडून गेलेल्यांच्या चर्चासत्रात नाव घालायचंय," इम्मा म्हणाली. "पाच नावं."

कारकुनानं संगणकात पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. "बाई, ज्येष्ठांच्या फुकट जागा मोजणीत धरत नाहीत. आधी फी भरणारे दहा विद्यार्थी व्हायला हवेत. मग खुर्च्या उरल्या तर त्यात तुम्ही."

"म्हणजे वर्ग चालला तर आम्ही बसू शकतो."

"हो."

"पण आम्ही बसलो म्हणून वर्ग चालत नाही."

"अगदी बरोबर."

"माझ्या लेकाच्या लग्नात मला अशीच जागा दिली होती," जिल्दा म्हणाली.

कारकुनाला हसावं की नाही ते कळेना. इम्मानं बाकीच्या तिघींना बाकावर बसवलं, आणि त्याच्याकडून नियमांचा छापील कागद मागून घेतला. परतीच्या बसमध्ये तिनं तो दोनदा वाचला. ज्येष्ठ मोजत नाहीत. पण याच विद्यापीठात आधीपासून शिकणारं कोणीही चालेल, फक्त प्राध्यापिकेची परवानगी लागेल. कोणत्या विषयाचं पोर हवं, ते लिहिलेलं नव्हतं. पोराची इच्छा असावी, असंही कुठे लिहिलेलं नव्हतं.

इम्मा अकरा मुलांची धर्ममाता, त्यांच्या भाषेत मद्रिना, होती. अकरा वेळा तिनं बाळ हातावर घेऊन बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी उभं राहून त्याच्या वतीनं सैतानाला नकार दिला होता. आईला पोरं नाही म्हणतात, रोज म्हणतात. धर्ममातेला नाही म्हणायचं नसतं. तिला ईस्टरला भेटायचं, गालाचा मुका घ्यायचा, आणि ती सांगेल ते करायचं. हे सोपं जातं, कारण ती कधी काही सांगत नाही. एकदा सांगितलं की तो हक्क वापरला गेला, पुन्हा त्याला धार राहत नाही. म्हणून शहाण्या बायका तो शेवटच्या आजारपणापर्यंत राखून ठेवतात. इम्मानंही राखला होता. अकरापैकी पाच जण सध्या या विद्यापीठात होते.

तिनं चष्मा लावला आणि फोन जवळ ओढला.

पहिला एन्झो, पूल बांधायचं शिकणारा.

"मद्रिना, माझं हे शेवटचं सत्र किती अवघड आहे माहीत आहे का? मला श्वास घ्यायला वेळ नाही."

"तुझ्या बाप्तिस्म्याला माझ्या अंगावर निळा रेशमी झगा होता. नवा. तू त्यावर ओकलास. मी तुझ्या आईला एका शब्दानं बोलले नाही."

पलीकडे वेळापत्रकाची पानं उलटल्याचा आवाज आला.

"कोणत्या वारी असतो वर्ग?" एन्झोनं विचारलं.

मग जुळ्या बहिणी, तित्सियाना आणि साब्रीना. फोन एकीनं उचलला आणि हो दोघींच्या वतीनं म्हणून टाकलं. दुसरीला कळलं ते रात्री जेवताना. मग नुन्झिया. ती सावध मुलगी. तिनं विचारलं, "परीक्षा असेल का?"

"परीक्षा माझ्याकडे आहे. त्यांच्याकडे नुसता वर्ग."

पाच आणि चार नऊ झाले. पाचवा धर्मपुत्र कार्मिने व्होत्सेल्ला. त्याचा नंबर इम्मानं फिरवला नाही.

याला कारण होतं. नाताळच्या आदल्या दिवशी इम्माकडे सगळ्या गोतावळ्याचं माशांचं जेवण असतं. कार्मिनेनं विचारलं होतं, केटलिनला आणू का? केटलिन आयरिश. ती टोमॅटोच्या सॉसमध्ये साखर घालते, ही बातमी गल्लीभर झाली होती, आणि ती केली होती इम्मानंच. इम्मा म्हणाली, खुर्च्या मोजलेल्या आहेत. कार्मिने म्हणाला, मग माझीही एक कमी करा. तो केटलिनच्या घरी गेला, आणि ज्या दिवशी मांसाला शिवायचं नसतं त्या दिवशी तिथे बसून हॅम खाल्लं. वर आईला फोन करून सांगितलं, चांगलं होतं म्हणून. तेव्हापासून चर्चमध्ये तो इम्माच्या पुढून जाताना खांबावरच्या संतांकडे बघत जाई. एवढा भाविक तो कधीच नव्हता.

"कार्मिनेला मी विचारून बघते," मारिसा म्हणाली. तिनं विचारलं. तो नाही म्हणाला.

"एखादं बाहेरचं पोर मिळेल," इम्मा म्हणाली, आणि विषय तिथेच ठेवला.

गुरुवारी चौघांना प्राध्यापिकेपुढे उभं करायचं होतं. इम्मा सोबत गेली. सोडून दिली असती तर चौघं चार वेळांना पोचली असती.

प्राध्यापिका वालेरिया ओद्दोने तोरिनोची, म्हणजे पार उत्तरेकडची. अंगानं काडी, गळ्यात रुमाल, आणि खोलीत खाण्याची एक वस्तू नाही. तोरिनोचे लोक भातात लोणी घालतात आणि त्याला जेवण म्हणतात, हे इम्मानं ऐकलं होतं. बाईंकडे बघून तिला ते खरं वाटलं. बाईंनी मात्र उठून तिला खुर्ची दिली.

"इटालियन कुठे शिकलास?" बाईंनी एन्झोला इटालियनमधून विचारलं.

"मद्रिनाच्या स्वयंपाकघरात," एन्झो म्हणाला, आणि पुढे चार वाक्यं बोलला. घरी ओरडा खाताना ऐकलेली होती ती, पण अडखळला नाही.

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. "हे कोणत्या शतकातलं आहे?"

"चांगल्या," इम्मा म्हणाली.

बाईंनी सही केली. जुळ्यांना एकत्रच विचारलं, नुन्झियाला एकच प्रश्न विचारला, आणि तिघींच्या कागदांवर सह्या झाल्या. मुलं बाहेर गेल्यावर बाई टेबलाला वळसा घालून पुढे आल्या आणि इम्माचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"मला एकच सांगायचंय, सिन्योरा. फार कमी घरं असं करतात. नात इतकी लांब, थेट इटलीला जाणार, तरी तुम्ही तिच्यासाठी एवढी धडपड करताय. फ्रोझिनोनेच्या त्या शाळेला तिच्याइतकी चांगली मुलगी मिळणार नाही. मी तसं पत्रात लिहिलंही होतं. आता जोडविषयाची अट तेवढी पुरी व्हायला हवी."

इम्मानं बाईंचा हात सोडला नाही. "हो," ती म्हणाली. "करायलाच हवं."

"सप्टेंबर लांब नाही."

"नाही. लांब नाही."

ती जिना उतरून खाली आली. चौघं पोरं आता सोडतील म्हणून वाट बघत होती. तिनं नुसता हात हलवला आणि ती पांगली. बसमध्ये तिच्या शेजारी एक बाई हवेबद्दल काहीतरी बोलत होती. इम्मानं तिला सगळ्या प्रश्नांना हो म्हटलं. साठ वर्षांत असं झालं नव्हतं.

घरी येऊन तिनं वाल शिजवले, त्यात बारीक पास्ता टाकला, दोन बश्या मांडल्या. मारिसा जेवायला बसल्यावर तिनं पाव मोडून तिच्यापुढे ठेवला.

"फ्रोझिनोनेला थंडी असते," इम्मा म्हणाली. "डोंगरातून वारा येतो."

मारिसाचा चमचा बशीतच राहिला.

"तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या तोरिनोच्या बाईंनी. त्यांना वाटलं, मला माहीत असणार. माणसाला असं वाटतं, घरच्यांना माहीत असतं म्हणून."

"मी सांगणारच होते, नोन्ना."

"कधी? विमानातून?"

"आधी जोडविषय पुरा होऊ दे, म्हटलं. नाही झाला तर उगाच तुला…" पोरगी थांबली. "शाळेत मदतनीसाचं काम आहे. मुलांशी इंग्रजी बोलायचं. एकच वर्ष."

"मी दोन वर्षांसाठी आले होते."

इम्मा पंधराव्या वर्षी आत्याकडे दोन वर्षं काम करायला आली होती. दागिन्यांच्या कारखान्यात तिला ब्रोचच्या मागे टाचणी डाखायला बसवलं. ते ब्रोच कोणी लावत नाही आता. कारखानाही गेला. ती मात्र इथे वाल शिजवत होती.

"सगळे का गेले, ते पंधरा आठवडे शिकवणार," ती म्हणाली. "परत कशाला जायचं, ते कोणत्या वर्गात शिकवतात?"

"ते मला माहीत नाही म्हणून तर जायचंय."

"तिथे काही नाहीये."

"मग मी येऊन तसं सांगेन तुला. आजवर तिथून परत येऊन कोणी तुला सांगितलंय का काही?"

इम्मा उठली आणि बशी धुवायला लागली. बशीत अजून अर्धे वाल होते.

"तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही," मारिसा मागून म्हणाली.

"हे माझ्यावर टाकू नकोस. ताकाला जाऊन भांडं लपवायचं आणि सापडलं की माझ्या हातात द्यायचं, असं चालत नाही आमच्यात."

"नऊच झालेत. तसंही होत नाहीये काही."

"खरंय," इम्मा म्हणाली. "नऊच झालेत."

तेवढ्यावर जेवण संपलं. कार्मिनेचं नाव दोघींपैकी कोणीच काढलं नाही.

शुक्रवारी सकाळी पत्ते होते. जिल्दाच्या घरी पाचही जणी जमल्या. कॉफी झाली, पानं वाटली गेली. इम्मा दोन डाव हरली. ती हरते तेव्हा कोणी बोलत नाही, पण जिल्दाला बातमी कळलेली होती. या गल्लीत बातमी बसनं जात नाही, चालत जाते आणि तरी आधी पोचते.

"एक सांगू का, इम्मा?" जिल्दा म्हणाली. "नऊवर अडलं ते बरंच झालं. देवाचीच इच्छा. पोरगी घरात राहील. तूही काही कमी केलं नाहीस, सगळ्यांनी बघितलं. कोणी नाव ठेवणार नाही."

"कशाला नाव ठेवणार नाही?"

"दहावा मिळाला नाही म्हणून."

इम्मानं पानं पालथी ठेवली.

"मिळाला नाही?"

"म्हणजे आपली माणसं आता पहिल्यासारखी राहिली नाहीत. कोण कोणाचं ऐकतं? तुझंसुद्धा…"

"किती वाजले?"

"साडेबारा. डाव अर्धा आहे, इम्मा."

इम्मा कोट घालत होती. पोरीला घरात धरून ठेवायचंच असतं तर तिनं समोर बसवून धरलं असतं, रडून, ओरडून, छातीत दुखतंय सांगून, जशी गल्लीतली कोणतीही अब्रूदार बाई धरते. पटावर एक नाव कमी ठेवून, वर देवाचं नाव घेऊन, चोरासारखं धरणं तिच्यानं होण्यासारखं नव्हतं. आणि इम्माकोलाता झाम्पिनीला दहावा माणूस मिळाला नाही, हे जिल्दाच्या तोंडून पुढची वीस वर्षं ऐकणं, त्याहून नाही.

कार्मिने काकाच्या बेकरीत पाव पोचवायचं काम करी. ती पोचली तेव्हा तो मागच्या दाराशी व्हॅनमध्ये पावांचे ट्रे चढवत होता. तिला बघून त्यानं ट्रे खाली ठेवला नाही.

"मद्रिना."

"कार्मिने. काम आहे."

"माहीत आहे. एन्झोनं सांगितलं, जुळ्यांनी सांगितलं, नुन्झियानं दोनदा सांगितलं. बुधवारी मी दिवसभर फोन खिशात ठेवून हिंडलो. तुम्ही केलाच नाहीत."

"फोनवर बोलायचं नव्हतं."

"माझा नाही म्हणायचा विचार आहे."

"धर्ममातेला नाही म्हणायचं नसतं."

"हॅम खाल्लेल्याला म्हणता येतं. माझं आता आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय?"

यात चूक काढायला जागा नव्हती. इम्मानं इकडे तिकडे बघितलं. बसायला पिठाचं एक पोतं होतं. ती त्यावर बसली.

"बोल," ती म्हणाली. "काय हवंय?"

कार्मिनेनं आता ट्रे ठेवला. तो हिशेबनिशी शिकत होता, त्यामुळे विचार करून आला होता.

"पुढच्या नाताळला केटलिन टेबलाशी बसेल."

"बसेल."

"टोकाला पोरांत नाही. तुमच्या उजव्या हाताला."

"उजव्या हाताला जिल्दा बसते. एकेचाळीस वर्षं बसते आहे."

"दमली असेल आता."

इम्माच्या तोंडाचा कोपरा हलला. तिनं तो जागेवर आणला. "बरं. पुढे?"

"साखर."

"साखर घालतेच ती."

"तुम्ही खाल्लंय तिच्या हातचं?"

"नाही."

"मग?"

"तिच्या शेजारणीनं तिला दुकानात साखर घेताना पाहिलं होतं."

"लोक कॉफीतही घालतात, मद्रिना."

पोत्यातून पीठ उडून तिच्या काळ्या कोटाला लागलं होतं. ती ते झटकत बसली. झटकावं तसं ते पसरत गेलं.

"सेंट जोसेफच्या सणाला सगळ्या बायका चर्चच्या हॉलमध्ये असतात," ती अखेर म्हणाली. "तिथे मी उभी राहून सांगेन, की त्या मुलीच्या हातचं मी कधी खाल्लेलं नाही."

"आणि चांगलंच असेल असं वाटतं."

"कार्मिने, तुझ्या वतीनं मी एकदा सैतानाला नकार दिलाय. तेवढं पुष्कळ झालं. खाल्लेलं नाही, एवढंच सांगेन."

कार्मिनेनं विचार केला. "सगळ्यांना ऐकू जाईल असं?"

"माझं बोलणं आजवर कोणाला ऐकू गेलं नाही, असं झालंय का?"

"नाही," तो म्हणाला. "चढा व्हॅनमध्ये. पण वाटेत दोन दुकानांत पाव टाकायचे आहेत."

दोनाची चार दुकानं झाली. प्रत्येक ठिकाणी मालकानं उतरून इम्माची विचारपूस केली, आणि प्रत्येक ठिकाणी तिनं त्याला पाच शब्दांत वाटेला लावलं. विद्यापीठाच्या दारात व्हॅन थांबली तेव्हा तीन पस्तीस झाले होते.

प्राध्यापिका ओद्दोने कोट घालून खोलीबाहेर उभ्या होत्या. रद्द झाल्याचं पत्र त्यांच्या हातात तयार होतं. पिठानं माखलेला तरुण आणि पिठानं माखलेली म्हातारी बघून त्यांनी दार पुन्हा उघडलं.

"हे चर्चासत्र तुला का घ्यायचं आहे?" त्यांनी विचारलं.

"मद्रिनानं सांगितलं म्हणून."

"आणखी काही कारण?"

कार्मिनेनं मनापासून विचार केला. "आणखी लागतं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पहिल्या तासाला मी हेच शिकवणार आहे. इतकी गावं अशीच रिकामी झाली." आणि त्यांनी सही केली.

खिडकीतला तो चष्मेवाला कारकून खुर्चीतून उठायच्या बेतात होता. त्यानं कागद घेतला, संगणकात टाकला, थोडा वेळ थांबला.

"दहा," तो म्हणाला. "तीन बावन्न."

"छापून द्या."

"छापायची गरज नाही, बाई. नोंद झाली."

"छापून द्या."

त्यानं छापून दिलं. मग इम्माला ओळखून, जरा भीत भीत म्हणाला, "आता वर्ग चालणार आहे. वीस खुर्च्या आहेत, दहा रिकाम्या. त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत. तुम्हाला आता फुकट बसता येईल. दर शुक्रवारी सकाळी."

"शुक्रवारी पत्ते असतात," इम्मा म्हणाली.

मारिसा बाहेर पायऱ्यांवर होती. ती तिथे किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. नाक लाल झालेलं होतं. तिनं आजीकडे पाहिलं, मग मागून येणाऱ्या कार्मिनेकडे, मग आजीच्या हातातल्या कागदाकडे. इम्मानं कागद तिच्या हातात दिला. पोरीनं तो वाचला आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

"रडायचं असेल तर इथे रडून घे," इम्मा म्हणाली. "व्हॅनमध्ये पाव आहेत लोकांचे."

मारिसा रडली नाही. तिनं आजीचा हात घट्ट धरला, आणि दोघी हळूहळू पायऱ्या उतरल्या. बर्फ घसरडं होतं; कोण कोणाला धरून होतं ते सांगता आलं नसतं.

"त्या शाळेपासून रोक्काफ्रेद्दा किती लांब आहे?" इम्मानं विचारलं.

"तासभर. बस जाते. मी बघून ठेवलंय."

"जाशील. चौकात चर्चच्या भिंतीला टेकून म्हातारे बसलेले असतील. हिवाळा असो उन्हाळा असो, ते तिथेच असतात. ते विचारतील, तू कोणाची. झाम्पिनी सांगू नकोस. तुझ्या आजोबांच्या घराण्याला तिथे अजून एका गाढवावरून शिव्या बसतात."

"मग काय सांगू?"

"माझं नाव सांग. माहेरचं. इम्माकोलाता मास्त्रांतोनीची नात. मोठ्यांदा सांग, ते बहिरे असतील आता."

"आणि सांगितल्यावर?"

"उठतील आणि तुला जेवायला घेऊन जातील." इम्मानं व्हॅनचा दांडा धरून एक पाय वर ठेवला आणि कार्मिनेला मागून ढकलायची खूण केली. "नाही उठले, तर तिथूनच मला फोन कर आणि त्यांच्या कानाला लाव."